आजारपणाचा पट आणि दवाखान्याची वाट

भोर हे गाव चित्रपटवाल्यांना नवे नाही. पंतसचिवांच्या राजवाड्याचे चौक, त्यातले कोरीव लाकडी खांब आणि नीरेचा काठ यांच्या आधाराने मराठी आणि हिंदी पडद्यावर कित्येक काल्पनिक संस्थाने उभी राहिली आणि बुडाली. आणि ज्या गावाचे स्वतःचे खरे संस्थान 1948 साली विलीन होऊन गेले, त्या गावाने आपल्याच वाड्यात परक्यांचे दरबार भरताना मोठ्या कौतुकाने पाहिले. परंतु कॅमेऱ्याची ही स्वारी सहसा राजवाड्यापाशीच थांबते. तेथून पश्चिमेला नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेने हिरडस मावळात शिरून वरंधा घाटाच्या तोंडाशी जाणारा रस्ता, किंवा नसरापुराहून गुंजवणी आणि कानंदीच्या खोऱ्यांतून तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला आणि पुढे केळदपर्यंत जाणारा रस्ता, हे पर्यटकांच्या परिचयाचे असले तरी कथालेखकांच्या परिचयाचे नाहीत. वेल्हे तालुक्याला सरकारदरबारी आता राजगड हे नाव मिळाले आहे. डोंगरउतारावरच्या वाड्यावस्त्यांचे अंतर मात्र नावाने कमी होत नाही.

आजार आणि दैन्य यांवरील मराठी चित्रपटांचा हा आढावा याच मुलखाच्या बाजूने घ्यावयाचा आहे, आणि त्याला कारण आहे. अशा चित्रपटांवर आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात अभिनय, दिग्दर्शन, संवेदनशीलता, पुरस्कार यांचा यथायोग्य परामर्श असतो. पण वेल्ह्याच्या एखाद्या धनगरवाड्यावरच्या माणसाला हे चित्रपट दाखवले, तर त्याच्या मनात जो पहिला प्रश्न उभा राहील तो समीक्षकांच्या मनात क्वचितच येतो. तो प्रश्न असा, की पडद्यावरचे हे माणूस दवाखान्यापर्यंत पोचले कसे? कुणी नेले, कशावरून नेले, भाड्याचे पैसे कुणाकडून उसने घेतले, आणि शेतातली लावणी कुणावर टाकली? आपले आजारपट रुग्णाच्या खाटेपाशी कमालीचे सत्यनिष्ठ असतात, पण बहुतेकांची कथा वाट संपल्यावर सुरू होते. आणि या मुलखात आजाराचे अर्धे नाटक वाटेवरच घडते.

ही वाट कशी असते हे एकदा जवळून पाहिले पाहिजे. रस्ता जेथे संपतो तेथून वर राहणारे माणूस पावसाळ्यात आजारी पडले, की घोंगडी किंवा लुगडे एका लांब बांबूला दोन्ही टोकांनी बांधून त्याची डोली करतात. पुढे दोघे, मागे दोघे, आणि खांदेपालट करायला आणखी चौघे बरोबर. म्हणजे एका दुखणाइतासाठी आठ धडधाकट माणसांचा दिवस जातो, आणि लहानशा वस्तीत आठ धडधाकट माणसे मिळणे हेच मुश्किल, कारण तरुण माणसे पोटामागे मुंबई-पुण्याला गेलेली. उतारावर पुढच्या दोघांनी बांबू डोक्याच्या वर धरायचा आणि मागच्यांनी तो कमरेपर्यंत खाली आणायचा, नाही तर आतले माणूस पायांकडे घसरते. ओढ्याला पाणी असेल तर ते ओसरेपर्यंत डोली खाली ठेवून इरल्याखाली बसायचे. रायरेश्वराच्या पठारावर तर जंगमांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, आणि त्या पठाराच्या वाटेवर लोखंडी शिडी आहे. आजाऱ्याला त्या शिडीवरून उतरवायचे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने ती शिडी धट्ट्याकट्ट्या अवस्थेत चढली आहे त्याला सहज करता येईल. इतके करून खाली यावे, तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर तपासून म्हणतो, “भोरला न्या,” भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात म्हणतात, “ससूनला हलवा,” आणि चिठ्ठी लिहून देतात. 1867 साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात उभे राहिलेले ते रुग्णालय आजही या दोन तालुक्यांच्या बोलण्यात शेवटच्या उपायाचे दुसरे नाव आहे; “ससूनला नेलाय” एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे विचारावे लागत नाही.

आता पडद्याकडे वळू. मराठी चित्रपटाची राष्ट्रीय कीर्तीच मुळी आजारपण आणि दारिद्र्य यांवर उभी आहे, ही गोष्ट योगायोगाची म्हणावी की स्वभावाची? 1954 साली राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. वनमालाबाईंनी उभी केलेली ती आई, कर्जाने गांजलेल्या कोकणी घरात झिजत झिजत मरते. लोक त्या चित्रपटाला संस्कारांचा चित्रपट म्हणून ओळखतात, आणि ते गैर नाही. परंतु किंचित अलिप्तपणे पाहिले, तर सावकाराचा तगादा, औषधपाण्याची वानवा आणि बाईच्या दुखण्याकडे घरादाराने शेवटपर्यंत केलेली काणाडोळ्याची सवय, या तिन्हींचे ते एक अचूक टिपण आहे. श्यामच्या आईला कुणी मोठ्या दवाखान्यात नेत नाही, कारण तसा दवाखाना तिच्या जगात नाहीच. कथेला त्यामुळे वाटेचा प्रश्न पडत नाही. आई घरातच आजारी पडते आणि घरातच जाते.

त्यानंतर तोच सर्वोच्च मान पुन्हा मराठीकडे यायला अर्धशतक लागले, आणि तो आणला तोही एका आजाराच्या कथेने. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ 2004 साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या ज्या कथेवर तो बेतला आहे ती एका दिवाळी अंकातच प्रथम छापली गेली होती, आणि तिला पुण्यात घडलेल्या एका खऱ्या प्रसंगाचा आधार होता. दिवाळी अंकांना नावे ठेवण्याची हल्ली रीत पडली आहे, म्हणून हे मुद्दाम नमूद केले. कथा सर्वश्रुत आहे. कोकणातल्या खेड्यातले आजोबा आपल्या नातवाला, परशुरामला, डोळे दाखवायला पुण्याला आणतात. निदान होते ते डोळ्यांच्या पडद्याच्या कर्करोगाचे. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे यांचे आजोबा, अश्विन चितळेचा परशा, संदीप कुलकर्णींचा कामाच्या ओझ्याखाली कोरडा पडत चाललेला डॉक्टर आणि अमृता सुभाष यांची रुग्णालयातली समाजसेविका, या चौघांच्या मधल्या जागेत सगळा चित्रपट घडतो. मुलाला हे सांगायचे कुणी, आणि कोणत्या शब्दांत? शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. डोळे जाण्यापूर्वी त्याने जग डोळे भरून पाहावे, एवढाच त्या म्हाताऱ्याचा अपराध.

‘श्वास’ची थोरवी त्या शहरभर फिरण्याच्या दिवसात आहे असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखकाला ती त्याच्या आधीच्या भागात अधिक दिसते. धोतर-टोपीतला एक मनुष्य, ज्याला आपल्या गावात मान आहे, ज्याच्या शब्दाला वजन आहे, तो रुग्णालयाच्या दालनात येतो आणि क्षणात कुणीच नसतो. कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे, कोणता कागद कुणाला द्यावा, डॉक्टर जे भराभर बोलून गेले त्यातले काय मनात साठवावे, हे त्याला कळत नाही, आणि ते कळत नाही हे दिसू नये म्हणून तो मान हलवत राहतो. भोर-वेल्ह्यातून ससूनला गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने ही मान हलवणारी आकृती आपल्यातच पाहिलेली आहे. आजोबांच्या संमतीपत्रावरच्या सहीला चित्रपटाने जो वेळ दिला आहे, तो व्यावसायिक हिशेबाने अक्षम्य ठरावा इतका आहे, आणि म्हणूनच तो सार्थ आहे.

तरीही एक गोष्ट ‘श्वास’ही सांगत नाही, आणि ती न सांगण्यामुळे त्याची शोकांतिका दैवाची वाटू लागते. हा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, आणि त्याची पहिली खूण आईला घरच्या घरी दिसण्यासारखी असते: विशिष्ट उजेडात बाहुलीत चमकणारा पांढरा ठिपका, किंवा हळूहळू येणारा तिरळेपणा. वेळेत कळला तर जीव जवळजवळ निश्चित वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. परशुराम शाळेत जाण्याच्या वयाचा आहे. म्हणजे त्याच्या आजाराचा मोठा काळ चित्रपट सुरू होण्यापूर्वीच, गावात, कुणी विशेष मनावर न घेतल्यामुळे, किंवा “पीक घरात आल्यावर नेऊ” असे म्हणता म्हणता निघून गेला असला पाहिजे. त्या निघून गेलेल्या महिन्यांची कथा कुणी लिहिलेली नाही. ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला पाठवण्यात आला तेव्हा महाराष्ट्राने लोकवर्गणी जमवली, शाळेतल्या मुलांनीही हातभार लावला. हा मराठी मनाचा उमाळा लोभस होता. त्या उमाळ्याचा काही अंश खेड्यांतल्या मुलांच्या नेत्रतपासणीकडे वळला असता तर चित्रपटाचे ऋण अधिक नेमके फिटले असते, असे म्हटल्यास कृतघ्नपणा होऊ नये.

असे चित्रपट ‘रडके’ असतात, सणासुदीला घरच्यांनी मिळून पाहण्याजोगे नसतात, ही तक्रार नवी नाही. तिच्यात तथ्य नाही असेही नाही. आपल्याकडे पडद्यावरच्या आजाराचा वापर पुष्कळदा कथेच्या अडलेल्या गाडीला धक्का देण्यासाठी होत आला आहे, आणि हृषीकेश मुखर्जींच्या ‘आनंद’नंतर तर हसत हसत मरणारा रुग्ण हा एक साचाच होऊन बसला. परंतु ज्या चित्रपटात औदासीन्य हे उपरे नसून विषयाच्या पोटातून आलेले असते, तो पाहून मनुष्य खचत नाही, हा अनुभव आहे. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’मध्ये, आपल्याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा बैल जायबंदी होतो, आणि कर्जात बुडालेला बाप त्याला विकायला निघतो. लहानग्या टिंग्याचा सवाल बिनतोड आहे: शेजारच्या आजारी म्हातारीला जर औषधपाणी होते, तर माझ्या बैलाला का नाही? या प्रश्नाला चित्रपटातल्या मोठ्या माणसांजवळ उत्तर नाही. बैल गेला तर पेरणी जाते, पेरणी गेली तर घर जाते; आजाराचा आणि कर्जाचा हिशेब एकाच वहीत, एकाच पानावर मांडला जातो, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा मराठी चित्रपट आठवत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा विचार मात्र स्वतंत्रपणे आणि थोडा सावकाश केला पाहिजे, कारण आजार हा विषय मराठीत कुणी घराण्यासारखा जोपासला असेल तर या दोघांनी. सुमित्राबाई समाजकार्याच्या अध्यापनातून चित्रपटाकडे आल्या, आणि 2021 साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांची दृष्टी तीच राहिली: आजाराकडे पाहायचे ते त्याच्याभोवतीच्या माणसांसकट. ‘नितळ’मध्ये अंगावरचे कोड, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये तरुणाचे नैराश्य, आणि या सर्वांच्या आधी, 2004 साली, ‘देवराई’मध्ये छिन्नमनस्कता. ‘देवराई’मागे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही रुग्णांच्या आप्तांच्या अनुभवातून उभी राहिलेली संस्था होती, कॅनडातल्या कॅलगरीत स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी हे तिचे प्रवर्तक. प्रबोधनासाठी काढलेला चित्रपट म्हणजे पत्रकबाजी, ही समजूत अतुल कुलकर्णी यांच्या शेषने आणि सोनाली कुलकर्णी यांच्या थकलेल्या, चिडलेल्या, तरी न सुटणाऱ्या बहिणीने पार पुसून टाकली. शेषच्या मनात गावची देवराई आहे. तिच्यात शिरलेल्याला जशी बाहेरची वाट सापडू नये, तसे त्याचे मन.

या ठिकाणी भोर-वेल्ह्याच्या माणसाला काही म्हणायचा हक्क आहे, कारण देवराई ही त्याच्या घरची गोष्ट आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यात पुणे जिल्ह्याचा हा डोंगराळ भाग महत्त्वाचा होता. देवाच्या धाकाने राखलेल्या या झाडीत कोयता चालवायची कुणाची छाती नसे. आणि हाच धाक मनाच्या आजाराभोवतीही उभा आहे. मूल एकटेच बडबडू लागले, सून जेवेनाशी झाली, की पहिल्यांदा ‘बाहेरचे’ पाहिले जाते, अंगारा लावला जातो, देवऋषी गाठला जातो, आणि भोरहून घाट चढून मांढरदेवीच्या काळूबाईचा रस्ता धरला जातो. 25 जानेवारी 2005 रोजी त्या डोंगरावर यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास माणसे मेली, तेव्हा वृत्तपत्रांनी पायऱ्यांच्या अरुंदपणाची आणि प्रशासनाच्या ढिलाईची चर्चा केली, आणि ती रास्तच होती. पण त्या गर्दीत किती जण एखाद्या मनोरुग्णाचा हात धरून आले असतील, हा प्रश्न कुणाला सुचल्याचे स्मरत नाही. ‘देवराई’ या सबंध प्रदेशाला हात लावत नाही. शेषचे कुटुंब शिकलेले आहे, बहिणीचे घर शहरात आहे, मानसोपचारतज्ज्ञ गाठता येण्याजोगा आहे. लढा उरतो तो रोग ओळखण्याचा आणि पत्करण्याचा. आणि तो चित्रपटाने अव्वल दर्जाने लढवला आहे.

‘अस्तु’ मात्र या मर्यादेच्या पलीकडे एक पाऊल टाकतो, आणि म्हणून तो प्रस्तुत लेखकाला या मालिकेत सर्वांत प्रिय आहे. डॉ. मोहन आगाशे यांचे चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे प्रकांड पंडित, स्मृती गमावत चालले असता मोटारीतून उतरून एका हत्तीच्या मागे चालू लागतात, आणि शहरातल्या सुशिक्षित लेकीच्या हातून निसटून एका माहुताच्या झोपडीत पोचतात. तेथे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे खाऊ घालते, आंघोळ घालते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिच्याजवळ उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही तिला आजाऱ्याची सेवा हा प्रश्न वाटत नाही, आणि जिच्याजवळ घर, गाडी, नोकर सर्व आहे तिला तो पोखरून काढतो. सुमित्राबाई दोघींपैकी कुणाचाही न्यायनिवाडा करीत नाहीत. ‘कासव’ला 2016च्या चित्रपटांमध्ये सुवर्णकमळ मिळाले, आणि त्यातला संयम निःसंशय मोठा आहे, परंतु नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाला समुद्रकाठचे निवांत घर, समंजस बाई आणि हवा तेवढा वेळ मिळणे, हा योग आमच्या डोंगरातल्या तरुणाच्या वाट्याला यायचा कसा, हा विचार चित्रपट संपल्यावर मन सोडीत नाही.

बाहेरच्या देशांत वाट न दाखवण्याची ही उणीव दोन चित्रपटांनी फार वेगळ्या रीतींनी भरून काढली आहे. अकिरा कुरोसावांच्या ‘इकिरू’त (1952) पोटाच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेला एक नगरपालिकेचा अंमलदार आहे, आणि चित्रपटाच्या आरंभीच गलिच्छ डबके बुजवण्याचा अर्ज घेऊन आलेल्या बायका एका मेजावरून दुसऱ्या मेजावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरवल्या जातात. ज्याने तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घातले आहेत, त्याला हे दृश्य समजायला जपानी भाषा यावी लागत नाही. दुसरा चित्रपट रुमानियाच्या क्रिस्ती पुइऊंचा, ‘मिस्टर लाझारेस्कूचा मृत्यू’ (2005). बुखारेस्टमधला एकाकी म्हातारा डोके आणि पोट दुखते म्हणून रुग्णवाहिका बोलावतो, आणि एक परिचारिका त्याला रात्रभर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात घेऊन फिरते. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर आहे, यंत्र आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला पुढे पाठवण्याचे काही कारणही आहे. कुणी खलपुरुष नाही. माणूस शुद्धीपासून बेशुद्धीपर्यंत हप्त्याहप्त्याने जातो आणि प्रेक्षक खिडकीत बसून ते पाहतो. “भोरला न्या, ससूनला हलवा” याचा इतका तंतोतंत चित्रपट कार्पेथियन पर्वतापलीकडे निघावा, आणि सह्याद्रीत निघू नये!

न्यायाने सांगितले पाहिजे की ही वाट पूर्वीइतकी बिकट उरलेली नाही. 2014च्या आरंभी महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, आणि डांबरी रस्ता जेथवर आहे तेथवर तिने पुष्कळ जीव वाचवले. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी शासनाची योजना आली. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीने राखाव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून बंधन आहे. पण या प्रत्येक सवलतीच्या दाराशी एक कागद उभा असतो: शिधापत्रिका, तहसीलदाराचा दाखला, आधार कार्डावरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव यांची रुजुवात. रुग्ण अतिदक्षता विभागात आणि मुलगा वेल्ह्याच्या कचेरीत तलाठ्याची वाट पाहत, हे आजचे खरे दृश्य आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात गेलेल्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिच्या ओसरीवर तर एक सबंध महाकादंबरी रोज घडत असेल. चित्रपटाने तिकडे पाहण्याची आवश्यकता आहे.

आणि विषयच हवा असेल, तर तो दूर नाही. भोरहून वरंधा घाट उतरले की महाड. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने धट्टीकट्टी मुले रात्रीतून मरत असत. दंशानंतर ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय थंडगार, मग छातीत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस. आणि तोवर मांत्रिकाचा उतारा चालू. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री जागून काढून या विषाचा हृदयावर होणारा परिणाम लिहून ठेवला, ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरून सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यावर आणले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. यात कथापटाला लागणारे सर्व काही आहे. परंतु तो काढणाऱ्याने डॉक्टरांच्या चरित्रापासून आरंभ करू नये. आरंभ करावा दंशापासून, भाताच्या खळ्यावर, दिवस मावळताना, आणि पहिला तास सबंध त्या मुलाला घेऊन डोंगर उतरणाऱ्या माणसांबरोबर काढावा. गोळी कुठे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असावे, खांदेकऱ्यांना नसावे.